बुडावं म्हणून बांधलेलं गलबत

गलबत तरावं म्हणून बांधणारे लोक जगात लाखोंनी होऊन गेले असतील. पण ते बुडावं म्हणून, आणि तेही जीव ओतून, बांधणारा माणूस ब्रह्मदेवाने एकच घडवला आणि माझ्या आत्याच्या पदरात टाकला. आत्याचे यजमान म्हणजे माझे आतोबा. रत्नागिरीच्या बंदरावर गलबतांची मापं घेण्यात त्यांची सारी नोकरी गेली. भाट्याच्या खाडीत गलबत शिरलं की धक्क्यावरूनच एक डोळा मिटून ते त्याच्याकडे पाहायचे आणि किती खंडी माल असेल ते सांगून टाकायचे. मागाहून मोजलं तर ते तंतोतंत निघायचं. मात्र गलबतावर त्यांनी जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं. एक विडी ओढून होईतो खाडीपलीकडे नेणारी तरीची साधी होडी, पण ती नुसती डुलताना दिसली तरी आतोबांच्या पोटात ढवळायला लागायचं. खाडीपलीकडच्या पावसला एका लग्नाला हा गृहस्थ लांज्याकडून वळसा घालून बैलगाडीने गेला आणि पोचला तेव्हा वरात निघून गेलेली होती.

मापं घेण्याची खोड पेन्शनीतही सुटली नाही. मी कचेरीत नोकरीला लागलो आणि त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हा त्यांनी मला दारातच उभं करून नखशिखांत न्याहाळलं आणि आत ओरडून सांगितलं, "भार कमी आहे हो! पोहे वाढवा." दुसरी खोड म्हणजे वाद. समोरच्याचं कुठलंही विधान त्यांनी बिनतक्रार आत घेतलं नाही. "आज उकडतंय" एवढं म्हणण्याचीही त्यांच्यापुढे सोय नव्हती. ते पुरावा मागायचे.

अशा माणसाला परमेश्वराने मित्र दिला तो राजिवड्याचा एक नाखवा. स्वतःचा मचवा चालवून म्हातारा झालेला, दाढी मेंदीने लाल केलेली, आणि थापांचा बादशहा. तरुणपणी तो काही वर्षं आगबोटीवर खलाशी होता. त्या काही वर्षांवर त्याने पुढची तीस वर्षं गोष्टी सांगितल्या. संध्याकाळी धक्क्यावरच्या एका लांब दगडावर दोघे बसायचे. नाखव्याने झांजिबारातल्या माशाच्या पाठीवर चूल पेटवून भात शिजवावा आणि आतोबांनी तांदूळ किती होते ते विचारावं, असा त्यांचा स्नेह होता. बंदरावरची माणसं जाळी बाजूला टाकून ऐकायला जमायची. नाखव्याला जेवण एक वेळ नसतं तरी चाललं असतं, पण ती संध्याकाळ चुकवून चालत नसे.

घात केला तो एका चिनी गलबताने. नाखव्याने एकदा सांगितलं, की सिंगापूरच्या बंदरात त्याने चिन्यांचं गलबत पाहिलं. त्याला तळाचा कणाच नाही. तळ पाटासारखा सपाट. शिडं कापडाची नाहीत, बांबूच्या कामट्यांत विणलेल्या चटयांची. पुढे दोन डोळे रंगवलेले. आणि सुकाणू दाराएवढं मोठं, त्याला भोकं पाडलेली.

"भोकं?" आतोबा म्हणाले. "सुकाणूला?"

"सा भोकां. पानी आरपार जाता, म्हनून सुकाणू हलका वलता. ह्या डोल्यांनी बगलंय, भाऊ."

"अरे, चाळणीने कोणी पाणी वळवतं काय? असलं गलबत तरंगायचं नाही, आणि तरंगलं तर वळायचं नाही. तू सांगतोयस ती शुद्ध थाप आहे!"

आजवर माशाची चूलसुद्धा पचली होती. पण "थाप" हा शब्द चारचौघांत पहिल्यांदाच उच्चारला गेला. नाखवा उठून उभा राहिला. आतोबाही उठले. तिथल्या तिथे पैज ठरली. आतोबांनी नाखव्याच्या सांगण्याबरहुकूम गलबताचा नमुना करायचा. तो तरंगला आणि वळला, तर आतोबांनी भर बंदरावर माफी मागायची. नाही, तर नाखव्याने पुन्हा बंदरावर एकही गोष्ट सांगायची नाही. तोवर दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. नाखवा "कबूल" म्हणाला खरा, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गोष्टी गेल्या तर त्या म्हाताऱ्याजवळ उरणार काय होतं?

दुसऱ्या दिवसापासून आत्याच्या घराचं गलबत होऊ लागलं. पहिल्यांदा फणसाचे दोन पाट तळासाठी गेले. मग शिडांपायी सगळी सुपं उसवली गेली आणि आत्या तांदूळ पाखडायला शेजारी जाऊ लागली. मग फडताळाचं एक दार नाहीसं झालं. आत्या म्हणाली, "राहिलेल्या घराला आता नांगर तेवढा बांधा, म्हणजे मी शिट्टी वाजवते." डोळे रंगवायला त्यांनी तिचंच काजळ घेतलं. ते डोळे पाहून ती मात्र दचकलीच. "अहो, हे अगदी वन्संसारखं बघतंय! याचं तोंड भिंतीकडे करा."

अबोला असला तरी संध्याकाळी दोघे त्याच दगडावर बसायचे, एक या टोकाला आणि एक त्या. मधे मला बसवायचे. आतोबा समुद्राकडे बघत मला म्हणायचे, "विचार त्या गृहस्थांना, डोलकाठ्या किती?" दोन हातांवर बसलेले गृहस्थ आभाळाकडे बघत म्हणायचे, "सांग तुज्या आतोबाला, तीन." एकदा शिडाचा रंग विचारला तर नाखवा तांबडा म्हणाला आणि दोन दिवसांनी पिवळा म्हणाला. आतोबांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी तो फरक पलीकडे सांगितला तेव्हा उत्तर आलं, "सांग, उन्हान उडला रंग."

मला एक कळत नव्हतं. मी विचारलं, "आतोबा, बुडवायचंच आहे तर फटी कापूस आणि राळ घालून एवढ्या बुजवता कशाला?" ते माझ्या अकलेची कीव करत म्हणाले, "बुडेल ते त्याच्या थापेमुळे बुडलं पाहिजे. फटीमुळे बुडलं तर उद्या बंदर म्हणेल, भटाचं सुतारकाम कच्चं. माझ्या बाजूने त्यात एक छिद्र राहता कामा नये." आणि मग त्यांनी सुकाणूला गिरमिटाने स्वतःच्या हाताने सहा छिद्रं पाडली.

घोटाळा तिथेच झाला. बुडवायला म्हणून जे इतकं निर्दोष केलं, ते त्यांना आवडायला लागलं. कचेरीतून परत यावं तर हा माणूस पडवीत त्या दोन हात लांब गलबतासमोर उकिडवा बसून त्याच्या कडेवरून बोट फिरवत असायचा. काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात देताना म्हणायचा, "जरा सोस हो." शेवटच्या आठवड्यात तर ते मला विचारू लागले, "बुडेल, नाही रे?" आणि मी "बुडणारच" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. ठरल्या दिवशी ते ताटावरून अर्धपोटी उठले. आत्या मला हळूच म्हणाली, "मुलगी सासरी धाडतानासुद्धा यांचं असं झालं नव्हतं."

दिवाळीनंतरचा रविवार होता. झाडून सारा राजिवडा खाडीवर लोटला होता. नाखवा धुतलेली लुंगी नेसून, टोपी घालून आला होता, पण त्याचा रंग राखेचा झाला होता. आतोबांनी सुकाणू डावीकडे वळवून सुतळीने बांधलं, गुडघाभर पाण्यात जाऊन गलबत सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

गलबत एका अंगाला कलंडलं. लोक "गेलं!" म्हणाले. मग ते सावरलं, दुसऱ्या अंगाला झुकलं आणि सरळ उभं राहिलं. वाऱ्याने सुपांची शिडं करकरली. ते चालू लागलं, आणि डावीकडे, अगदी ऐटीत, वळलं.

"वळलं!" ही आरोळी पैज हरलेल्या माणसाची होती. आतोबा पाण्यात नाचत होते. त्यांची टोपी कधीच वाहून गेली होती. "वळलं रे, नाखवा! बघ ना मेल्या, कसं वळतंय!" अबोला मोडल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. नाखवा मात्र आ वासून बघत होता. एवढ्यात सुतळी सुटली, सुकाणू सरळ झालं, आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर गलबत खाडीच्या मुखाकडे निघालं.

नाखव्याने जवळची होडी ढकलली. मी दुसऱ्या वल्ह्यावर उडी मारली. आणि मागून धोतर खोचून आतोबा होडीत चढले! लांज्याकडून वळसा घालणारा माणूस! दहा वल्ही मारली नाहीत तोच त्यांनी काठावरून मान बाहेर काढली आणि त्यांना भडाभडा ओकारी झाली. तीस वर्षं "तुमी" म्हणणारा नाखवा एका हाताने वल्हं आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या धोतराचा सोगा धरून ओरडत होता, "बस खाली, भाऊ! बस म्हनतंय ना! पडशील!"

खाडीच्या तोंडाशी लाटा लागल्या तेव्हा नाखव्याने वल्हं थांबवलं. गलबत लांब गेलं होतं. नाखवा म्हणाला, "भाऊ, मी ती भोकां बगलेली नाय."

आतोबांनी तोंड पुसलं.

"सिंगापुरास मी उतरलोच नाय. तापान पडून होतो. शेजारी एक चिनी खलाशी होता, त्यान सांगितलेली."

"म्हणजे ते वळेल की नाही, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"नाय."

"मलाही नव्हतं रे," आतोबा म्हणाले, आणि दोघे असे हसत सुटले की होडी उलटते की काय असं मला वाटलं. आतोबांना हसता हसता पुन्हा उमासा आला.

गलबत हाती लागलं नाही. माफी मात्र आतोबांनी बंदरावर खणखणीत आवाजात मागितली, आणि ती चालू असेतोवर नाखवा ओशाळून खोकत राहिला. त्यानंतरच्या साऱ्या संध्याकाळी गलबत आता कुठे पोचलं असेल या वादात गेल्या. नाखव्याने ते कोचीनला नेलं तर आतोबा वाऱ्याचा हिशेब मांडून ते गोव्याच्या पुढे जाऊ देत नसत.

तीन-चार वर्षांनी नाखवा गेला. आतोबांनी धक्क्यावर जाणं सोडलं. एव्हाना माझं लग्न होऊन मुलगी चालायला लागली होती. तेवढाच त्यांचा वेळ जाईल म्हणून मी तिच्यासाठी तसंच एक लहान गलबत मागितलं. त्यांनी ते मन लावून केलं. डोलकाठ्या, शिडं, डोळे, सारं झालं. सुकाणूची फळी मात्र कोरी पडून राहिली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "भोकं किती पाडायची?"

"सहा. मागे तुम्हीच पाडली होतीत."

"तो म्हणाला म्हणून पाडली."

"पण आतोबा, त्याने तरी कुठे पाहिली होती?"

"नव्हतीच पाहिली," ते म्हणाले. "पण काय झोकात सांगायचा रे!"

मला राहवेना. त्यांनी चिडावं, पुरावा मागावा, माझी अक्कल काढावी म्हणून मी म्हणालो, "खरं तर सहा नव्हती, आठ होती."

आतोबा भांडले नाहीत.

"असतील," ते म्हणाले. मग त्यांनी गिरमिट घेतलं आणि मुकाट्याने आठ भोकं पाडून दिली.