श्रावणात बंद केलेल्या कॅप्सूल

वाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या. मंदाने कापूस समिधापुढे सरकवला. पोर अकरा वर्षांची, पण तिच्या वाती आईपेक्षा सुबक. आज मात्र हात झटक्यासरशी उडाला नि डबा पालथा झाला.

"नाटकं सगळी!" सासूबाई, कृष्णाबाई, करवादल्या. "झोपली की बरे हात शांत होतात गं?"

मंदाचा संशय वेगळाच होता, शेजारच्या रीमाबेनवर. समिधाच्या अक्षराचं येता-जाता कौतुक करायची ती, आणि महिनाभरात अक्षराचा पार कोंबडीचा पाय झाला. मंदाने तीनदा मीठमोहऱ्या उतरवल्या. रीमाबेनचा ढोकळा गुपचूप केरात टाकला. मुलगी वर्गात तोंडं वेडावते अशी शाळेतून चिठ्ठी आली, तेव्हा कुठे ती तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी समिधाला आपली बोटं घट्ट धरायला सांगितली. पकड आवळे, सुटे, पुन्हा आवळे.

"मागच्या दोन-तीन महिन्यांत घसा दुखला होता?"

"नाही," मंदा म्हणाली. घशाचा नि हाताचा काय संबंध? टेस्ट लिहायची तयारी चाललीय याची!

"दुखला होता की, आई. श्रावणात. तूच नाही का कॅप्सूल बंद केल्यास?"

मंदाचा चेहरा उतरला. श्रावणात घरात मासळी शिजत नाही, आणि रीमाबेन म्हणाली होती, "मंदाबेन, कॅप्सूल का कवर जानवर का होता है." ताप उतरलाच होता. तिसऱ्या दिवशी पाकीट उचलून ठेवलं, ते राहिलंच.

मंदाने कारण सांगितलं. "विचारायचं ना, पातळ औषधही मिळतं," डॉक्टर म्हणाले. "त्यामुळेच झालं असं छातीठोक नाही सांगता येत. पण घशातल्या जंतूंशी लढताना शरीर कधीकधी चुकून स्वतःच्याच मेंदूवर उलटतं. नाटक नाही हे. झोपेत थांबतं, हीच तर याची खूण. हात बहुतेक बरे होतील. हृदयाची झडप मात्र तपासायलाच हवी, शरीर तिच्यावरही असंच उलटू शकतं."

रिक्षात मंदाचा संशय पुन्हा तिकडेच वळला. रीमाबेनने मुद्दाम सांगितलं असेल? पण "डॉक्टर को पूछ लेना" असंही तीच म्हणाली होती. विचारलं नाही ते मंदाने.

"आई, माझं हृदयपण नाटक करतंय का गं?"

मंदाने तिचा उडणारा हात मांडीवर धरून ठेवला.

दारातच सासूबाई. "काय, उतरलं का नाटक?"

"आजार आहे, आई," मंदा सासूबाईंना म्हणाली. " तिला पुन्हा असं बोलायचं नाही."

उद्या सकाळी नऊला केबिन रोडवरच्या तपासणी केंद्रात समिधाच्या हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफी, करून घ्यायची होती.