बंदूक नको म्हणणारा चौकीदार

ती घटना आजही आठवली की आधी आमच्या जमादाराचे वर गेलेले दोन हात डोळ्यांपुढे येतात आणि मला हसू फुटतं. प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. पण माणूस वाचला, म्हणून आता हसायला हरकत नाही.

मी तेव्हा दारव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. कापसाचे ते वाईट दिवस. भाव नाही, जिनिंग कारखान्याच्या फाटकापुढे गाड्यांच्या रांगा आणि रांगेतल्या गाड्यांतून कापूस गायब. ठाण्यात चहाच्या आधी चोरीची तक्रार यायची. मग एकाएकी एका जिनिंगच्या आवारातल्या चोऱ्या थांबल्या. तुम्हाला वाटेल, पोलिसाला आनंद झाला असेल. छे! चोरी आपोआप थांबली की पोलीस कान टवकारतो. कुंपणानेच शेत खायला घेतलं नाही ना, हा पहिला संशय.

जिनिंगसमोरचा चहावाला आमचा खबऱ्या. त्याने खबर दिली की तिथे नवा चौकीदार आलाय, गाव विचारलं तर सांगत नाही आणि खुद्द मालकालाही ओळख पटल्याशिवाय आत सोडत नाही. एकतर तो येडा असावा, नाहीतर लय मोठा बदमाश, असं त्याचं मत. त्यातही बदमाशावर त्याचा जास्त भर होता, कारण येड्याच्या गोष्टीला चहाबरोबर गिऱ्हाईक मिळत नाही.

दिवेलागणीला मी आणि जमादार साध्या कपड्यांत गेलो. जमादार अंगाने भारदस्त, अख्खं ठाणं त्याला टरकून असायचं. फाटकातून पाऊल टाकतो न टाकतो तोच सरकीच्या ढिगामागून आवाज आला, "थम! कौन आता है?" त्या आवाजासरशी जमादाराचे दोन्ही हात वर गेले आणि तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा खाली पडला. मी ओळख सांगितली. मग हुकूम सुटला की एकाने पुढे यायचं, बाकीच्यांनी जागेवर उभं राहायचं. बाकीचे म्हणजे एकटा जमादार. तो बिचारा तसाच हात वर करून उभा राहिला.

हा आवाज फौजेत तयार होतो ते मला ठाऊक होतं. चौकीदाराच्या खोलीत डोकावलो. घोंगडीची घडी विटेसारखी चौकोनी, जुने बूट सरकीच्या तेलाने चकाकत होते. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश आला होता, की आर्णीकडचा एक जवान रजा संपूनही पलटणीत हजर झालेला नाही, सापडल्यास ताब्यात घ्यावं. पळालेला माणूस नाव बदलतो, गाव बदलतो, पण हाताची सवय काही त्याला बदलता येत नाही.

मालक मात्र त्याचं कौतुक करून थकत नव्हता. एकच खोड, म्हणाला. पहाऱ्यासाठी स्वतःची परवान्याची बंदूक देऊ केली, तर हा मागे सरकला, हातच लावेना. ते मला खटकलं. फौजी माणूस आणि बंदुकीला भितो?

त्याला ठाण्यात आणलं. जमादाराचा राग उतरला नव्हता, त्याने भगोडा म्हणून यथेच्छ तोंडसुख घेतलं. गडी सावधान उभा. संदेशातल्या पत्त्यावर निरोप धाडला, तसे त्याचे वडील आले. तहसीलीतून निवृत्त झालेले कारकून, कडक इस्त्रीचा सदरा. गावाने हार घालून, बँड वाजवून याला गाडीत बसवला आणि हा पुढच्याच गावी उतरला, आता मी तोंड कुठे लपवू, असं ते बोलत होते. मुलगा फरशीकडे पाहत राहिला.

मी वडिलांना चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं, जमादारालाही पाठवलं आणि दार लोटून घेतलं. दरडावून झालं होतं, गोड बोलून झालं होतं. राहिली होती ती बंदूक.

"काहून हात लावत नाही रे बंदुकीले?"

तो म्हणाला, "साहेब, दुश्मनाले मी कधी भेलो नाही. मले माह्याच हाताचं भेव वाटते."

असं उत्तर आलं की माणसं विषय बदलतात. मी बदलला नाही. "जीव द्यावा वाटते का तुले?" सरळच विचारलं.

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "रोज वाटते." आणि उभ्या उभ्याच रडायला लागला.

मी खुर्ची ओढली. त्याला बसवलं, पाणी दिलं आणि मग सगळं बाहेर पडलं. बराकीत शेजारच्या खाटेवरच्या जोडीदाराने असाच जीव दिला होता. आदल्या संध्याकाळी दोघं कॅरम खेळले होते आणि याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तेव्हापासून झोप नाही. पहाऱ्यावर रायफल हातात आली की तोच विचार. घरी सांगायचं तर घरी हार, सत्कार आणि 'रम आणली का' विचारणारे शेजारी. आजवर कोणी विचारलंच नव्हतं, म्हणाला.

त्याला पलटणीच्या हवाली करणं भागच होतं. शिव्या खायच्या तयारीने फोन लावला. पलीकडे एक सुभेदारसाहेब होते. त्यांनी एवढंच विचारलं, "ज़िंदा है ना? बस, बाकी हम देख लेंगे." मी खुर्चीतल्या खुर्चीत सॅल्यूट ठोकला.

पलटणीची माणसं येईपर्यंत मी त्याला कोठडीत घातला नाही. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी औषधं दिली आणि एकटं सोडू नका म्हणून बजावलं. ते काम जमादाराकडे गेलं. त्या मुक्कामात या फौजी पठ्ठ्याने ठाण्यातल्या साऱ्या सतरंज्यांच्या चौकोनी घड्या केल्या आणि शिपायांकडून बूट घासून घेतले. जमादार कुरकुर करायचा आणि घरून त्याच्यासाठी डबाही आणायचा. एकदा त्याने विचारलंच की त्या दिवशी हात वर करण्याऐवजी काय बोलायला पाहिजे होतं. 'दोस्त' म्हणायचं असतं, जवान म्हणाला, मग पुढे येऊ देतात.

वडिलांना मी सगळं सांगितलं. ते बाकावरून उठून आत गेले. "नोकरी गेली उडत," मुलाचा हात धरून म्हणाले. "मले तू पाह्यजे."

पुढे फौजेच्या इस्पितळात उपचार झाले, काही काळ बिनहत्यारी काम मिळालं आणि गडी रीतसर पेन्शन घेऊन घरी आला.

आता माझं. निवृत्तीनंतर मी यवतमाळला घर केलं आणि एकदम रिकामा झालो. फोन वाजेना, पेपर वाचवेना, बायकोशी बोललो तर खेकसून. एक दिवस, आता यवतमाळातच राहणारा आमचा हा चौकीदार दारात उभा. माझ्याकडे नीट पाहिलं आणि नमस्कारही न करता म्हणाला, "साहेब, जीव द्यावा वाटते का तुमाले?"

आत बायकोच्या हातून पातेलं पडलं. मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. तसं नाही रे, म्हटलं, पण करमत नाही. हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, मग उद्यापासून सकाळी फिरायला चला, बूट घासून ठेवा.

नोकरीत मी नाही नाही ते प्रश्न लोकांना विचारले. बरेच विसरलो, काही विचारले नसते तर बरं झालं असतं. तो एक मात्र ज्याला विचारावासा वाटेल त्याला विचारावा, लाजू नये.

आता रोज सकाळी दार वाजतं. मी बुटाची नाडी बांधत असतो आणि बायको स्वयंपाकघरातून ठसक्यात ओरडते, "थम! कौन आता है?"

बाहेरून उत्तर येतं, "दोस्त."