डाव्या सीटवरचं वाळूचं पोतं

ज्या माणसाले मी जाहीर चोर म्हटलं, तो आज सकाळी गेला.

वासूभाऊ. वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनांच्या रांगेत ज्यांचं व्हील अलाइनमेंटचं शेड होतं, ते.

आधी माझं सांगतो. मी शक्की माणूस आहे. पेट्रोल भरताना मीटरचा झिरो दोनदा पाहतो. संत्र्यांची पेटी घेतली तर खालपर्यंत उपसून पाहतो.
आई म्हणते, "तुले देवानं प्रसाद दिला तरी तू वास घेऊन पाहशील."

अन् त्यात माझी गाडी. जुनी लाल हॅचबॅक. इंजिन ट्यून केलेलं, सस्पेन्शन बदलून खाली बसवलेली, टायर रुंद. जीव अडकला आहे तिच्यात, लपवून काय फायदा.

अशा गाडीले कंपनीची सेटिंग चालत नाही. महिनाभर इंटरनेटवर वाचून मी माझे आकडे काढले होते. पुढची चाकं वरून किती आत झुकवायची, त्यांची तोंडं किती बाहेर फाकवायची. स्टिअरिंग हललं की गाडी वळली पाहिजे, बस.

कागद वासूभाऊंच्या हातात दिला. त्यांनी एक नजर टाकली अन् खिशात घातला.
तिथंच माझं डोकं सरकलं.

मग ते गाडीत डोकावले.
"ही उशी कोणाची गा?"
"आईची. कमरेले लावते."
"बसते कुठं?"
"पुढं, माझ्या बाजूले. रोज फिजिओथेरपीले नेतो. काहून?"
"वजन किती असंन?"

आता सांगा, माझ्या आईच्या वजनाशी या माणसाले काय करायचं?

त्यांनी वाळूचं पोतं आणून डाव्या सीटवर ठेवलं. मले स्टिअरिंगवर बसवलं.
म्हणे, "रिकामी गाडी मोजून काय होते? रिकामी चालवतो का तू?"

मले वाटलं, काम मोठं दाखवायचं नाटक आहे. कॉम्प्युटर नाही, काही नाही. दोरी ताणून, पट्टी लावून दोन घंटे खाली लेटून काम करून राहिले होते.

"प्रिंट द्याल ना?"
"चालवून पाह. हातात समजते."

हातात समजते म्हणे! मी तिथून सरळ सदरले गेलो, कॉम्प्युटरवाल्या दुकानात.
स्क्रीनवर माझा एकही आकडा नव्हता. चाकांचा झुकाव मी सांगितला त्याच्या अर्धा. अन् बाहेर फाकवायची तोंडं चक्क जराशी आत.

उभ्या उभ्या प्रिंटचा फोटो काढला अन् आपल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. नावासकट.
"वाडीचा म्हातारा आकडे घेतो अन् मनाचं करतो. चोर आहे. सावध राहा."

पोस्ट जोरात चालली. वासूभाऊंच्या शेडसमोर दिसणाऱ्या मॉडिफाइड गाड्या दिसेनाशा झाल्या. जाता-येता मी पाहायचो. बरं वाटायचं. खोटं काहून बोलू?

सदरवाल्यानं माझे आकडे तंतोतंत लावून दिले. रिकाम्या गाडीवर. आठवडाभर एकटाच फिरलो, मजा आली.

मग आईले घेऊन अमरावती रोडवर निघालो. ट्रकांच्या चाकांनी तिथं डांबरात लांबच लांब नाल्या पडल्या आहेत. टायर नालीत गेला अन् गाडीनं उजवीकडे ओढ घेतली. सरळ करतो तर डावीकडे. ब्रेक मारला तशी अजून वाकडी झाली. बाजूचा ट्रक हातभर अंतरावरून गेला.

आईनं दरवाजाचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं.
"अशी काहून करून राहिली रे गाडी?"

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच ऑटो बोलावला. ते फार लागलं.

माझे आकडे रिकाम्या गाडीचे होते, अन् बाहेर फाकलेली चाकं प्रत्येक नालीमागं धावत होती. मग कुठं जाणार? गेलो वाडीले. भांडण होईल म्हणून चार वाक्यं तयार करून गेलो होतो.
वासूभाऊ एवढंच बोलले, "आईले घेऊन ये. आता पोत्याचं काम नाही."

आई तासभर डाव्या सीटवर बसून आपल्या कमरेची सगळी कहाणी सांगत होती. खालून आवाज, "हो ताई. हो ना ताई."

निघताना मी विचारलं, "तेव्हाच सांगितलं काहून नाही?"
"सांगतलं असतं तर तू दुसरीकडे गेला असता."
"मी तसाही गेलो."
"हो. ते चुकलंच माझं. विचारायले पाहिजे होतं."

अन् हो, त्या दिवशीही मी सदरले जाऊन आकडे तपासलेच. वासूभाऊंनी पहिल्यांदा पोतं ठेवून लावले होते तेच होते, पॉइंटापर्यंत. तो प्रिंट मात्र कोणाले दाखवला नाही.

पोस्टही तशीच राहिली. उद्या काढू, परवा काढू. काढली तर काहून काढली ते सांगावं लागलं असतं. दोन वर्षं झाली.

आज आईले घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीनं, सुनंदाताईनं मले ओळखलं.
"तुमची पोस्ट मीच वाचून दाखवली होती बाबाले."
"काय म्हणाले?"
"म्हणे, पोरगं खोटं नाही बोललं. आकडे मी बदलवलेच होते."

मग तिनं सांगितलं, त्या दिवसापासून ते प्रत्येक गिऱ्हाईकाले आधी विचारायचे, बदलवू का? बरेच जण नाही म्हणायचे. मग ते जसं मागितलं तसं लावून द्यायचे, अन् ती गाडी रोडवर दिसेनाशी होईपर्यंत दारात उभे राहायचे.

जुनी पोस्ट मी डिलीट केली नाही. तिच्याखालीच हे टाकून राहिलो. ज्यांनी ते वाचलं त्यांनी हेही वाचावं. चोर हा शब्द माझा होता. तो चूक होता. हे त्यांच्या तोंडावर बोलायले माझ्याजवळ दोन वर्षं होती.

येताना आई बाजूले होती. त्याच नाल्यांवरून येताना सवयीनं स्टिअरिंग सैल सोडून पाहिलं. गाडी सरळ गेली.

वासूभाऊ, माफ करा. माझा अन् आईचा तुम्हाले शेवटचा नमस्कार.