पत्रिकेतलं नाव

परभणी शहरात छापील मराठी बोलणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो इथिओपियाचा होता. ज्वारीवर संशोधन करायला आलेला, सहा फुटांचा, दाढीवाला. माझा रूम पार्टनर. मी मूळचा जिंतूरचा, परभणीत एका शाळेवर शिक्षक. वसमत रोडला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटा निवांत राहत होतो, तर घरमालकीण काकूंनी मला न विचारता दुसरी खोली याला दिली. परक्या देशात आलेला माणूस निदान चार-सहा महिने तरी बिचकून राहतो, अशी माझी भाबडी समजूत. हा पठ्ठ्या तिसऱ्या दिवशी मोडक्यातोडक्या हिंदीत काकूंना सांगत होता, की ज्वारी आमच्याकडूनच तुमच्याकडं आली, मी फक्त तिच्या मागून आलो. काकूंनी त्या दिवसापासून त्याला भाकरी सुरू केली. मी त्या घरात चार वर्षं राहत होतो, मला कधी चहासुद्धा विचारला नव्हता.

मराठी वाचायला तो लग्नपत्रिकांवर शिकला. काकूंच्या टीव्हीखाली पत्रिकांचा ढीगच असायचा. अक्षरं ठळक, मजकूर तोच तोच, म्हणून त्याला सोपं गेलं. परिणाम असा झाला, की काकूंकडून ऐकलेलं आणि पत्रिकेत वाचलेलं एकाच तोंडातून बाहेर पडायला लागलं. "लय गरम व्हायलंय, तरी चहास आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे," असं तो गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा. मी सडाफटिंग, मला 'सहकुटुंब, सहपरिवार' जेवायला बोलवायचा. साठीच्या काकूंना एकदा चि. सौ. कां. म्हणाला, तर त्या आठवडाभर एकट्याच हसत होत्या. नळाला पाणी कधी येतं याची चिठ्ठी त्यानं मोरीच्या दारावर लावली: शुभमुहूर्त सकाळी सात वाजून बारा मिनिटे, स्थळ मोरी, आणि खाली टीप, कृपया आहेर आणू नये. मी वैतागून ती फाडली. दुसऱ्याच दिवशी माझी पाण्याची वेळ हुकली आणि मी बिनआंघोळीचा शाळेत गेलो.

पण त्याचा खरा जीव पत्रिकेच्या तळाशी असलेल्या नावांत. ही एवढी माणसं कोण, असं त्यानं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, की हे निमंत्रक, म्हणजे घरची माणसं, भावकी. आणि यातलं एखादं नाव सुटलं तर तो गडी लग्नाला येत नाही, पुढची दहा वर्षं बोलतही नाही. त्यावर त्यानं ढिगातली एक पत्रिका ओढली आणि तळाची नावं बोट ठेवून एकेक मोजली.

पुढं माझ्या ताईचं लग्न ठरलं. हे कळताच त्यानं चहा केला, माझ्यापुढं ठेवला आणि सरळ विचारलं, "माझं नाव छापता का?" मला हसू आलं. तो हसला नाही. "आई दर फोनला विचारती, तिथं तुझं कोण हाय? मी म्हणतो, पार्टनर हाय, काकू हायत. तिला पटत न्हाई. तिला वाटतं मी एकटाच पडलोय अन् खोटं बोलायलोय. छापलेलं दिसलं तर पटल." मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

जिंतूरला घरी मी भीतभीत विषय काढला. काकांनी लगेच तोंड वाकडं केलं. "सख्ख्या साडूचं नाव बसंना, अन् ह्यो कोण?" मग जरा नरमून म्हणाले, "वाटल्यास किलबिलमध्ये टाका." किलबिल म्हणजे पत्रिकेच्या कोपऱ्यातली शेंबड्या पोरांची रांग. बाबा, निवृत्त मास्तर, एवढंच म्हणाले, "त्याला रविवारी जेवायला आण."

तो एसटीनं आला. "जय भीम, बाबा," म्हणाला, दोन भाकरी खाल्ल्या आणि छापखान्यातून आलेला कच्चा कागद मागून घेतला. आम्ही घरातल्या दोन मास्तरांनी तपासलेल्या त्या कागदात त्यानं तीन चुका काढल्या. एक चूक खुद्द नवरदेवाच्या आडनावात होती. बाबांनी चष्म्यावरून काकांकडं पाहिलं, पेन काढलं आणि वधूचे बंधू म्हणून जिथं माझं नाव होतं, त्याच्याखाली त्याचं लिहिलं. काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता."

नाव छापलं म्हणजे जबाबदारी आली, असं त्यानं मनावर घेतलं. लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारात सकाळपासून हात जोडून उभा. कुणी विचारलं, कुणाकडचे पाहुणे, की म्हणायचा, "पाहुणा न्हाई, मुलीकडचा." ताई निघाली तेव्हा तो इतका रडला, की नवरदेवाला त्याची समजूत काढावी लागली. मी डोळे कोरडे ठेवून मोठेपणा केला, याचं मला आजही वाईट वाटतं.

पदवी मिळाली आणि तो गेला. पत्रिका त्याच्या आईनं भिंतीला लावलीय. तिला अक्षर वाचता येत नाही. त्याचं नाव कुठलं, हे त्यानं बोट ठेवून दाखवलं. तिथं तुझं कोण हाय, हे ती आता विचारत नाही म्हणे. आता तिचा दर रविवारी एकच प्रश्न असतो, की ती आपली मुलगी सासरी सुखात हाय का. तो मला फोन करून विचारतो आणि मी बेधडक सांगतो, "हाय की, मजेत हाय."

मग त्याचा फोन ठेवतो आणि ताईला लावतो. त्याच्या आईनं विचारलं नसतं, तर माझ्याच्यानं महिना-महिना तिला फोन झाला नसता.