नसलेली कडबाकुट्टी

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी ठेकेदाराकडून कामाला होते. पत्र्याचे सुटे भाग तपासून खोक्यात भरायचे, हे माझं काम. समोरच पत्रा दाबून कापणारा पॉवर प्रेस होता. त्यावर करमाडजवळच्या एका वस्तीवरची बाई बसायची. घर मेंढपाळाचं, नवरा मेंढरं घेऊन रानात, ही कारखान्यात. आम्ही एकाच जीपनं यायचो, डबा एकत्र खायचो. वयानं मोठी म्हणून मी तिला अक्का म्हणायचे.

त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच वरचा भाग खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण माल भराभर निघावा म्हणून सुपरवायझरनं एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून टाकलं होतं. ते सगळ्यांना दिसायचं. मलाही.

एका सकाळी अक्काच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती नुसती हाताकडं बघत राहिली. मी माझी ओढणी तिच्या हाताला गुंडाळली आणि जीपमध्ये तिच्याजवळ बसले. पुढं बसलेला सुपरवायझर मागं वळून म्हणाला, "दवाखान्यात सांगायचं, घरी कडबाकुट्टीत हात गेला. कंपनीचं नाव निघालं तर सगळ्यांचंच काम बंद होईल."

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यानंच उत्तर दिलं. घरच्या चारा कापायच्या यंत्रात हात गेला, असं डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी शेजारी उभी होते आणि एक शब्दही बोलले नाही.

हाताची पट्टी सुटल्यावर अक्का कामावर आली, तर वॉचमननं तिला गेटवरच अडवलं. यादीत तिचं नाव नव्हतं. ठेकेदार म्हणाला, "तुमच्या घरी लागलं, त्याला आम्ही काय करणार?" अक्का माझ्याकडं वळली.

"तू तर तिथंच व्हतीस ना गं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, अक्कासाठी मी तक्रारीचा अर्ज लिहिणार आणि साक्षही देणार आहे.

"तुझं काम जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे."

त्यानं दारातल्या गाडीत पेट्रोल किती आहे ते बघितलं. मग म्हणाला, "बरं. गाडीवर मी सोडतो तुम्हा दोघींना."

माझं शिक्षण बारावीपर्यंत. अर्ज माझ्याच अक्षरात लिहिला. चिकटपट्टीपासून जीपमधल्या बोलण्यापर्यंत सगळं त्यात घातलं, आणि मी गप्प राहिले हेही. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या शहरातल्या सरकारी कार्यालयात तो दिला. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं मला घरी बसवलं. वाईट वाटलं, पण अर्ज मागं घ्यावा असं एकदाही मनात आलं नाही.

चौकशीला ठेकेदार दवाखान्याचा कागद घेऊन आला. अधिकारी मॅडमनी तो वाचला आणि अक्काला विचारलं, "तुमच्याकडं कडबाकुट्टी आहे?"

अक्काला हसूच आलं. "म्याडम, आमची मेंढरं रानात चरत्यात. ना गाय, ना बैल. कडबा कापून घालू कुणाला?"

"शेजाऱ्याची असेल," ठेकेदार म्हणाला.

"वस्तीवर दोन घरं हायेत. दुसरं माझ्या दिराचं. त्याच्याकडं बी मेंढरंच."

मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा." मी सांगितलं.

चार दिवसांनी मॅडम न कळवता कारखान्यात गेल्या. अक्काच्या मशीनवरची चिकटपट्टी काढलेली होती, पण शेजारच्या दोन मशीनवर ती तशीच होती. मग आतल्या चौघींनी जबाब दिले. त्यात एक तर अशी, की एरवी सुपरवायझरसमोर मान वर करायची नाही.

अपघात कारखान्यात झाला, अशी नोंद झाली. अक्काचं नाव कामगार विम्यात कधी घातलंच नव्हतं. ते घालावं लागलं. तिला पेन्शन लागली आणि तपासणीच्या टेबलावर कामही मिळालं. बोटं काही परत आली नाहीत. पहिल्या दिवसांत तिच्या हातून भाग सटकायचे आणि ती स्वतःवरच चिडायची. आता तिचा डावा हात माझ्या उजव्यापेक्षा चपळ आहे.

मलाही परत बोलावलं. मी म्हणाले, "नेमणुकीचं पत्र द्या, मग येते." ते मला द्यावं लागलं, मग बाकीच्यांनाही; आमच्या शेडमधल्या बायकांच्या हाती तसं पत्र पहिल्यांदाच पडलं.

आता रविवारी बाया आपापल्या कामाच्या तक्रारींचे कागद घेऊन माझ्याकडं येतात. परवा बिडकीनची एक आली होती. दिवस गेले म्हणून तिला कामावरून काढलं होतं. अक्काही तेव्हा माझ्या घरी होती. तिनं पोरीला चहा दिला आणि म्हणाली, "घाबरू नको. कुणी काय म्हणलं, ते शब्दाला शब्द सांग. ही लिहिती, आन् तुझ्यासंगं मी येते."