टेस्टरांच्या घरचा नमुना

आमच्या शेजारी राहणाऱ्या, सोसायटीच्या दूधडेअरीतल्या टेस्टरइतका संशयी माणूस उभ्या उस्मानाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नाही. दुष्काळाची वर्षं होती. प्यायला पाणी टँकरनं यायचं, पण दुधात घालायला लोकांना ते कुठून तरी मिळायचंच. टेस्टर वाकून दुधात लॅक्टोमीटर सोडायचे आणि तो जरा जास्त बुडाला की गोड आवाजात विचारायचे, "पाव्हणं, म्हशीला पवायला नेलं व्हतं का?" चेअरमनच्या सख्ख्या मेव्हण्याचं दूधही त्यांनी परत पाठवलं होतं. तुळजापूरला गेलो तर देवळाच्या दारातच पेढा फोडून, हुंगून म्हणाले, "खव्यात मैदा हाय." मी हात जोडले, देवीला आणि त्यांनाही.

पुढं त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या पायांवर सूज आली. सोलापूरच्या डॉक्टरांनी समजावलं, "अंगातली रोगाशी लढणारी ताकदच उलटलीय. राखणदारानं चोर समजून घरच्याच माणसाला झोडपावं, तशी ती मूत्रपिंडांना झोडपतेय." त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. रोज सकाळी लघवी काचेच्या नळीत तापवून त्यात आम्लाचे दोन थेंब टाकायला सांगितलं. गढूळ झाली तर रोग चालूच. महिन्याभरात निवळली नाही तर पुणं गाठायचं; तिथं कर्करोगावरची एक कडक गोळी या आजारावर नव्यानं देऊन बघत होते. केस जातील, आणि गुण येईलच असंही नाही.

गोळ्यांनी वहिनींचा चेहरा वाटोळा झाला. गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "बाई, चांगलं अंग धरलंस की!" वहिनी हसून घ्यायच्या. टेस्टर मात्र रोज सकाळी मला हाक मारायचे. "गुरुजी, तुमी बघून सांगा. माझ्या डोळ्यावर माझाच इस्वास न्हाय." शाळेत इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावरही मी देवाचं नाव इतकं घेत नसे. स्टोव्हचा आवाज, नळी धरलेला त्यांचा थरथरता हात, आणि मग फाटलेल्या दुधासारखा तो गढूळपणा. रोज तेच.

तिसऱ्या आठवड्यात नळी एकदम स्वच्छ आली. दुसऱ्या दिवशीही. टेस्टरांनी मला चहा पाजला, आणि तो पितानाही साखरेवर शंका घेतली नाही. पण वहिनींचे पाय काही चपलेत जाईनात. आठव्या दिवशी टेस्टर बराच वेळ त्या पायांकडं बघत बसले. मग उठले, नमुना एका उंच बरणीत ओतला आणि डेअरीतला जुना लॅक्टोमीटर त्यात सोडला. निव्वळ पाण्यात थांबावा तसा तो शून्यापाशी जाऊन थांबला.

"ह्यात पाणी हाय," ते अगदी हळू म्हणाले.

वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्हय. म्याच घातलं. नळी धरल्यावर तुमचा हात कसा कापतो, बघवंना मला. आन् त्या पुण्याच्या गोळीची लई भीती वाटती."

पाणी घालणाऱ्याची चारचौघांत शोभा करणारा हा माणूस. मी मध्ये पडायला पुढं झालो. पण टेस्टर वहिनींसमोर जाऊन खाली बसले. "गढूळ आली तर येऊ दे गं, पण खरी दे," ते म्हणाले. "म्या आठ दिस सुखानं जेवलो की." आणि रडायला लागले.

दुसऱ्याच दिवशी दोघं एस.टी.नं पुण्याला गेले. वहिनींचे केस गेले, सूजही उतरली, आणि त्यानंतर त्या सात वर्षं आमच्यात होत्या. या रोगावर आता कितीतरी नवी औषधं निघाल्याचं वाचतो, तेव्हा मला फार हळहळ वाटते.

वहिनी गेल्यावर एकदा ओट्यावर बसलो असताना टेस्टरांनी विचारलं, "गुरुजी, ते आठ दिस वाया गेले नसते तर ती अजून जगली असती का वो?"

"काही फरक पडला नसता," मी म्हणालो. हे खरं की खोटं, मला आजही ठाऊक नाही. टेस्टरांनी पुढं काहीही न विचारता मान डोलावली.