हळदीखालचे दोन बोल्ट

साहेबराव दाभाडे कमी बोलतात. हा गुण आहे असं मी पंधरा वर्षं समजत आले. आता समजत नाही.

पदमपुऱ्यात माझ्या घराला लागून पत्र्याची शेड आहे. तिथे त्यांचं इंजिनकामाचं दुकान. पाटी नाही, गरजही पडलेली नाही. आयटीआय करून ते वाळूजच्या एका कारखान्यात फिटर लागले, बावीस वर्षं एकाच लाइनवर इंजिनं जोडली, आणि लाइन बंद पडल्यावर आठवड्याभरात माझ्या दारात उभे राहिले. "मॅडम, आवाज लई व्हईल. चालंल का?" मी म्हटलं, मुलींच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवलंय, आवाजाचं मला सांगू नका. करार एवढाच.

त्यांचं काम बघत बसायची मला सवय लागली. इंजिन उघडलं की एकेक भाग रॉकेलने धुऊन जुन्या पत्र्याच्या ताटात ओळीने मांडायचा. जोडताना प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट आधी हाताने, मग साध्या पान्याने, आणि अगदी शेवटी टॉर्कच्या पान्याने. ठरलेला जोर पोचला की हा पाना 'कट' असा आवाज करतो. तो आवाज आला की पिवळ्या रंगाच्या बाटलीतून बोल्टवर एक ठिपका. आधी नाही, नंतर नाही. मी एकदा विचारलं, वहीत का लिहून ठेवत नाही? म्हणाले, "वही घरी ऱ्हाती मॅडम. ठिपका बोल्टावर ऱ्हातो." अर्धा कसलेला बोल्ट आणि पुरता कसलेला बोल्ट दिसायला एकसारखेच असतात, सांगतो तो ठिपका.

सुयश सपकाळ हा सिल्लोडकडचा मुलगा, वय एकोणतीस, शेंद्र्याच्या कंपनीत इंजिनिअर. वडील गेले, आई आणि हा, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्याने दोन हजार चारची एक लाल लान्सर आणली. बसकी, रुंद, पळणारी गाडी म्हणून एके काळी तिचं नाव होतं. आणली तेव्हा सायलेन्सरमधून निळा धूर येत होता. ती नुसती दुरुस्त नव्हती करायची त्याला. सिलिंडर घासून मोठे पिस्टन, वर टर्बो, जास्तीची ताकद. "काका, समृद्धीवर अशी सोडायची की बघतच राहतील!" साहेबराव म्हणाले, "आधी इंजिन रुळू दे, पाचशे किलोमीटर साठच्या खाली. मग काय सोडायची ती सोड."

चार महिने काम चाललं. पावसाळा संपता संपता इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं होतं, पोट वर करून. पोटात चार पिस्टनांचे चार रॉड, दर रॉडला दोन बोल्ट, म्हणजे आठ. हे आठ सगळ्यात जोखमीचे. यातला एक जरी पूर्ण वेगात तुटला तर रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो आणि गरम तेल मागच्या चाकांखाली जातं. मग गाडी कुठे जाईल ते कुणाच्या हातात राहत नाही. हे मला साहेबरावांनीच सांगितलेलं आहे, चहा पिता पिता, साध्या आवाजात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला सकाळी, ते या आठांना शेवटचा कस देत होते. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं हे त्यांचं एकही वर्ष चुकलेलं नाही. त्यांच्या लोकांची बस क्रांती चौकातून दोनला निघायची होती, ती अकरालाच निघाली. फोन आला. सहा बोल्ट झाले होते, दोन राहिले होते. त्यांनी इंजिनावर फडकं टाकलं, हात धुतले आणि जाताना सुयशला फोनवर सांगितलं, "मी आल्याबिगर हात लावू नको." का, ते नाही सांगितलं. ठिपके आहेत ना सांगायला!

दुपारी मनकर्णाबाई आल्या, सुयशची आई. हातात ताट, ताटात निरांजन, नारळ, अक्षता, ओली हळद. खंडेनवमीला हत्यारांची पूजा घरोघरी होते. साहेबरावांच्या शेडमध्ये होत नाही, कारण ते बौद्ध. पण लेकाच्या गाडीचं काळीज तिथे टांगलेलं, आणि साहेबराव गावाला गेलेले. सुयशकडे शेडची किल्ली होती. तो दाराबाहेर फोनवर बोलत राहिला आणि बाई आत.

मी मागोमाग गेले. त्यांनी पान्यांना हळद लावली, शिकंज्याला लावली, मग फडकं बाजूला करून इंजिनाकडे वळल्या. "बाई, ही तर देवांची रांगच हाय की हो!" आणि एकेका बोल्टाला हळदीचं बोट. आठांच्या आठांना, मोजून. कुंकवाची पुडी घरी विसरली होती.

मी म्हटलं, "मनकर्णाबाई, इंजिन आहे ते, देव्हारा नाही."

"असू द्या. आजच्या दिवशी लोखंड बी देवच."

मी हसले. खरं सांगते, त्या पिवळ्याचं मला काहीच सुचलं नाही. ठिपक्यांची सगळी पद्धत माहीत असून नाही सुचलं.

संध्याकाळी सुयश आला, दोन मित्र घेऊन. अक्षता पुसल्या, बघितलं, आठही बोल्टांवर पिवळं. तेलात मिसळून हळद रंगासारखीच चिकटून बसली होती. म्हातारा सगळं करून गेलाय आणि उगीच अडवतोय, असं त्याला वाटलं. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या पोटावरचं तेलाचं झाकण, लावलं, साखळीने इंजिन गाडीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी सुरू झाली. पहिल्याच किल्लीला. गल्ली गोळा झाली, पेढे वाटले, मीही एक खाल्ला.

साहेबराव चौथ्या दिवशी आले. मला शेडमधून एकही आवाज येईना म्हणून मी डोकावले. ते रिकाम्या स्टँडसमोर उभे होते. टॉर्कच्या पान्याची मूठ पिवळी झालेली, ती अंगठ्याने पुसत होते.

"इथं कुणी काय केलं, मॅडम?"

मी सांगितलं. पूजा, हळद, आठ बोटं. सांगताना माझी जीभ मध्येच थांबली. त्यांनी वर पाहिलं. तेव्हा दोघांनाही कळलं.

त्याच दिवशी सुयश गाडी दाखवायला आला. "काका, ऐका! मक्खन!"

"चेंबर खोल."

"काय?"

"चेंबर खोल म्हंतो. चार तासाचं काम हाय."

"अहो, आठही बोल्टांवर तुमचा पेंट होता. मी या डोळ्यांनी बघितलाय. का खोलू?"

साहेबराव पान्याची मूठ पुसत राहिले. सुयशने खांदे उडवले. "तुमच्याशिवाय सुरू झाली, त्याचा राग आलाय तुम्हाला." आणि गेला.

मी चिडले. "सांगत का नाही त्याला? तोंडात काय मीठ धरलंय?"

"काय सांगू?" ते स्टुलावर बसले. "तुझ्या आईच्या हळदीनं घोटाळा केला, असं? ते म्या सांगायचं? दाभाडेनं? मॅडम, उद्याच्याला गल्लीत उठंल, आमच्या पूजेला नावं ठेवली. मंग बोल्टाचं कोण ऐकतंय?"

"मग मी सांगते."

"नका. त्या बाईला लई लागंल. म्या त्याला समजावतो."

समजावणं म्हणजे काय, तर रोज फोन करून "खोल" म्हणायचं. सहाव्या दिवशी सुयशने फोन घेणं बंद केलं. साहेबराव इतर कामं घेईनात. गल्लीतून ती गाडी जाताना ऐकू आली की हातातलं टाकून दारात येत आणि आवाज वळणावर विरेपर्यंत उभे राहत. "हळू चालवतोय तवर टिकंल," एकदा म्हणाले. "पाचशे किलोमीटर कधी भरत्यात ते बघायचं."

ते रविवारी भरले. सकाळी साडेसातला लाल गाडी माझ्या फाटकाशी थांबली. मनकर्णाबाई पुढच्या सीटवर, नवं लुगडं नेसून. भावाकडे जालन्याला निघाल्या होत्या, सावंगीहून समृद्धीला लागायचं, तिथून सुसाट. मला विचारायला थांबल्या, येता का म्हणून.

साहेबराव शेडमधून आले आणि बॉनेटवर हात ठेवून गाडीच्या पुढे उभे राहिले.

"आज नको."

"काका, बाजूला व्हा."

"मोठ्या रस्त्याला नको घालू. आईला घिऊन तर नकोच नको."

"पण का? एक कारण सांगा!"

साहेबरावांनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं, मग खाली. मला ते बघवेना. मी फाटक उघडून बाहेर आले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. सहा बोल्टांवर रंग, दोन नुसत्या हळदीवर, आणि हळद कुणी लावली तेही.

मनकर्णाबाई गाडीतून उतरल्या. चेहरा राखेसारखा. "माझ्या हातानं?"

"तसं नाय आक्का," साहेबराव म्हणाले, "तुमची काय बी चूक नाय. म्याच सांगून जायला पायजे व्हतं. आत्ता खोलतो. खोटा निघालो तर पुन्हा पाना धरणार नाय."

"हात लावायचा नाही माझ्या गाडीला!" सुयश ओरडला. "आणि आजी, तुम्ही पण? शिकल्यासवरलेल्या?"

पण आईने त्याचं ऐकलंच नाही. तिने डोळे मिटून हात जोडले होते. "देवाचं लावलेलं उलटलं," ती पुटपुटली. "बाधलं. सुयश, ह्या गाडीत परत बसलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी सांगायचा प्रयत्न केला, बाधायचं काही नाही, दोन बोल्ट आहेत, कसले की झालं. मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पायीच घरी गेल्या. सुयशने गाडी मागे घेतली, इतक्या जोरात की टायर ओरडले. साहेबराव त्या आवाजाने दचकले.

मला वाटलं, संपलं. मुलगा वाचला. मी त्या दिवशी चांगली जेवले.

दिवाळीनंतर मनकर्णाबाई पेढे घेऊन आल्या, चेहरा मोकळा. "गेली बाई पीडा घरातनं. इकली गाडी."

साहेबराव शेडच्या दारात पाणी पीत होते. तांब्या खाली ठेवला. "कुनाला?"

"नाशकाचा हाय कोणी पोरगा. लई खूश झाला म्हणं. नवं इंजिन ना!"

त्या गेल्यावर साहेबराव माझ्याकडे वळले. "मॅडम, त्यांच्या लेखी हळद गेली. बोल्ट तसंच हैत."

मी सरळ सुयशच्या घरी गेले. घेणाऱ्याला सांगितलंस का? म्हणाला, "काय सांगू? माझ्याकडे होती तोवर इंजिनातून एकदाही वाईट आवाज आला नाही." आईसमोर असं बोलून मान खाली घातली. तेवढ्यावरून मला कळलं की त्यालाही आता खात्री नाही. नंबर मी त्याच्याकडून उभ्या उभ्या लिहून घेतला.

आधी साहेबरावांनी फोन लावला. मुलाचं नाव शिवराज. आवाज हसरा, कोवळा. "काका, सौद्यात तुमचं कमिशन राहिलं वाटतं?" आणि ठेवला. मग मी लावला. म्हटलं, मी प्राध्यापक होते, वय अठ्ठ्याहत्तर, मला गाडीत काही मिळवायचं नाही, दोन बोल्ट ढिले आहेत, उद्याच्या उद्या खोलून घे. तो ऐकत होता, निदान मध्ये बोलला नाही. मग म्हणाला, "आजी, काळजी करू नका हो. परवाच समृद्धीवर एकशे साठ काढली. पाण्यासारखी जाते."

साहेबरावांनी माझ्या हातातून फोन घेतला. "बाळा, एक सांग. खालून आवाज येतो का? टक टक असा?"

"जोर दिला की येते थोडी टिकटिक. टर्बोची असणार ना?"

"टर्बो तसा वाजत नाय. गाडी बंद कर. जिथं हाय तिथं ठिव. म्या येतो."

पलीकडून हसू, आणि फोन कट.

साहेबरावांनी पिशवी भरली. टॉर्कचा पाना, चेंबरचं पॅकिंग, दोन नवे बोल्ट, एक सदरा. मी म्हटलं, सकाळी जा. नाही म्हणाले. पत्ता सुयशने दिला. तो स्वतः शेडपर्यंत आला होता, पण आत आला नाही. साहेबरावांना मोटरसायकलवरून एसटी स्टँडवर मात्र सोडून आला. दोघं वाटेत एक शब्द बोलले नसतील याची मला खात्री आहे.

आज सकाळी दहाला नाशिकहून साहेबरावांचा फोन आला. घर सापडलं. शिवराजचे वडील भले गृहस्थ, त्यांनी आत बोलावलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. पोरगा घरी नाही. सकाळी सातला तीन मित्रांना घेऊन समृद्धीने इगतपुरीकडे गेलाय. वडील हे ऐकल्यापासून त्याला फोन लावताहेत. वाजतो, कुणी उचलत नाही.

"मग तुम्ही काय करताय?" मी विचारलं.

"थांबलोय."

दुपारी एकला मी फोन केला. अजून आला नव्हता. तीनला केला. साहेबराव म्हणाले, वडील दुसरी गाडी काढून त्याच रस्त्याने निघालेत, मी त्यांच्या शेजारी बसलोय, आणि आता फोन ठिवा मॅडम, म्होरं रस्त्यावर गर्दी दिसतीया.